लाल आत्याबाई दिसेनाशा झाल्या तेव्हा

"डोळ्याच्या नसेला सूज आहे" असं ज्यांना डॉक्टरांनी नुकतंच सांगितलंय आणि जे घरी येऊन मोबाइलवर नको नको ते वाचत बसलेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आधी तो मोबाइल बाजूला ठेवा. मी ठेवला नव्हता, म्हणून सांगते. दोन दिवसांत मी मनातल्या मनात पूर्ण आंधळी झाले, माझी नोकरी गेली, नवऱ्याने दुसरं लग्न केलं आणि त्या बाईने माझी स्टीलची भांडी वापरायला काढली. यातलं बहुतेक काही झालं नाही. जे झालं, ते आता सांगते.

ट्यूबलाइटचा दोष

चाकणच्या एका कंपनीत मी चौदा वर्षं शेड इन्स्पेक्शनला, म्हणजे रंगाची छटा तपासायला होते. गाड्यांचे प्लास्टिकचे बंपर आमच्याकडे रंगवले जातात. गाडीचा पत्रा दुसरीकडे रंगतो. दोन्ही एकत्र आले की रंग एकच दिसला पाहिजे, नाहीतर नवी गाडी ठोकून दुरुस्त केल्यासारखी दिसते. म्हणून पांढऱ्या उजेडाच्या एका खोलीत मी उभी राहायचे, मंजूर रंगाची पट्टी बंपरशेजारी धरायचे आणि पास किंवा रिजेक्ट म्हणायचे. त्या पट्टीला आम्ही मास्टर म्हणतो. रंग मोजायचं मशीनही होतं, पण मशीन पास म्हणालं आणि मी नाही म्हणाले, तर बंपर परत जायचा. माझ्या डोळ्याला एवढा मान होता आणि मला त्याचा माज होता.

गेल्या वर्षी एका आठवड्यात लाल रंगाचा लॉट चालू होता आणि मला तो लाल मेलेला वाटायला लागला. विटकरी. आधी मी मेंटेनन्सवाल्यांना बोलावून खोलीतल्या ट्यूब बदलून घेतल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा बदलून घेतल्या. मग माझ्या लक्षात आलं की बंपर फिका दिसतोय तसा मास्टरही फिका दिसतोय. मास्टर जुना झाला की उडतो, हे आमच्या कामातलं साधं ज्ञान. मी लॉट थांबवला आणि लॅबमधून काळ्या पिशवीत बंद असलेला नवा मास्टर मागवला. पिशवी सगळ्यांसमोर फोडली. तोही फिका.

"हाही उडालाय," मी जाहीर केलं.

माझ्या शेजारी रेखा उभी असायची. चाकणजवळच्या गावातली, घरची शेती, तीन वर्षं माझ्या हाताखाली शिकलेली. ती हळूच म्हणाली, "ताई, पिशवीतला कसा उडंल? आमाला तर लालच दिसतोय. तुमी एकदा डोळं दावा कुणाला तरी."

मी तिला सगळ्या लाइनसमोर झापलं. डोळा फिरवला की आत दुखत होतं, चार दिवस दुखत होतं, पण ते मी ओव्हरटाइमच्या नावावर टाकून डोकेदुखीची गोळी घेत होते. डोळ्याच्या दुखण्यावर मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणि थेंब घेत बसू नका, एवढं एक तरी माझं ऐका. रेखाला झापलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुताना डाव्या डोळ्यापुढे तेलकट काच धरल्यासारखं झालं. चोळलं, पाणी मारलं, तरी ती काच तिथेच राहिली.

लाल टोपण

पिंपरीच्या हॉस्पिटलात डोळ्यांच्या डॉक्टर मॅडमनी बरंच काय काय तपासलं आणि शेवटी थेंबांच्या बाटलीचं लाल टोपण माझ्यापुढे धरलं. आधी एक डोळा झाका, मग दुसरा, आणि रंग कसा वाटतो ते सांगा, म्हणाल्या.

"उजव्याने विटकरी. डाव्याने मातकट. मॅडम, हा आमच्याकडे पास होणार नाही."

त्या हसल्या. डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला सूज आहे, डाव्या बाजूला जास्त, उजव्या बाजूला थोडी, असं त्यांनी सांगितलं. डोक्याचा एमआरआय, रक्ताच्या तपासण्या, ताबडतोब अ‍ॅडमिट. "नजर बरीचशी परत येते," त्या म्हणाल्या. मी विचारलं, "आणि रंग?" त्यावर त्या म्हणाल्या, "रंग सगळ्यात शेवटी येतो. कधीकधी पूर्ण येत नाही. आत्ता काही सांगता येणार नाही."

लोक नजरेसाठी घाबरतात. मी रंगासाठी घाबरले. नजर अधू असलेली बाई जगात शंभर कामं करू शकते, पण रंग न कळणारी बाई त्या पांढऱ्या खोलीत उभी राहू शकत नाही. आणि त्या खोलीबाहेर मी कोण आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माझे यजमान संतोष भोसरीला सीएनसी मशीनवर असतात. ते शिफ्ट सोडून तसेच आले होते, हाताला ऑइलचा वास. त्यांना मी एवढंच म्हटलं, "लाल गेला हो." त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं आणि माझी बॅग उचलली.

पाच दिवस

रोज स्टेरॉइडची एक बाटली, सलाइनमधून. पहिल्याच फटक्यात शीर शोधणाऱ्या त्या केरळच्या सिस्टरचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. तोंडाला लोखंडाची चव येते, त्यावर खडीसाखर चघळा. भूक अशी लागते की शेजारच्या पेशंटच्या डब्याचा वास आला तरी राग येतो. चेहरा सुजतो, झोप उडते, मधुमेह नसला तरी साखर वर जाते. दर काही तासांनी बोटाला टोचायला येतात. हे सगळं औषधाचं आहे आणि औषध थांबलं की जातं, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी आरशात बघून रडले नसते.

एमआरआयच्या त्या ठोकाठोकीत मी डोळे मिटून आमच्या रहाटणीच्या पहिल्या खोलीतलं सामान आठवत होते. कुठे काय होतं, ते एकेक करून.

रहाटणीची खोली

लग्न होऊन मी लातूरकडून इथे आले तेव्हा रहाटणीला दहा बाय बाराची खोली होती. हे मूळचे बार्शीकडचे. मला चाकणला नोकरी लागली आणि आमचा संसार शिफ्टवर चालायला लागला. ह्यांची पहिली तेव्हा माझी दुसरी, माझी पहिली तेव्हा ह्यांची दुसरी. दोघांच्या कंपन्यांमध्ये कॅमेऱ्याचा फोन आत न्यायला बंदी होती. त्यामुळे बटणांचे दोन फोन कंपनीत जायचे आणि हौसेने घेतलेला एकच टचस्क्रीनचा फोन घरी चार्जिंगला राहायचा.

त्या फोनवर एक गेम होता. कुठल्या देशातल्या कुणी बनवला होता देव जाणे, पण बनवणारा आमच्या नात्यातला असावा अशी मला अजून शंका आहे. वेड्यावाकड्या बरण्या, प्रत्येक बरणीत एकावर एक बसलेले रंगीत गोळे, आणि प्रत्येक गोळ्याला तोंड, डोळे आणि स्वभाव. वरचा गोळा उचलून दुसऱ्या बरणीत टाकायचा. एका रंगाचे चार गोळे एका बरणीत जमले की ते बेसूर गाणं म्हणायचे आणि बरणीला झाकण लागायचं. बस, एवढंच. पण लाल गोळ्याला अंबाडा होता आणि तिच्या डोक्यावर कुणाला बसवलं की ती तोंड फिरवून बसायची, मग दोन चाली होईपर्यंत हलायचीच नाही. तिचं नाव आम्ही आत्याबाई ठेवलं, कारण ह्यांची बार्शीची आत्या लग्नात अगदी तशीच बसली होती. केशरी गोळ्याला मिशा होत्या. तो कारण नसताना हसायचा आणि सगळी बरणी हलवायचा. तो मामा. हिरवे काका सदा झोपलेले, त्यांच्या घोरण्याने शेजारचा गोळा खाली पडायचा.

एकाची शिफ्ट संपायच्या आत दुसरा घराबाहेर पडलेला असायचा. मी घरी आले की ओट्यावर झाकलेलं ताट आणि फोनखाली चिठ्ठी: "आत्याबाई अडकल्यात. सोडव." मी जेवता जेवता आत्याबाईंना सोडवायचे, पुढची लेव्हल अर्धी खेळून ठेवायचे आणि चिठ्ठीच्या मागे लिहायचे, "काका जागे करू नका, वरण संपवा." असे आठवडेच्या आठवडे गेले. आम्ही एकमेकांशी बोलायचो कमी आणि त्या बरण्यांमधून जास्त.

त्या गेमचं मला एवढं काय होतं, याचा मी हॉस्पिटलात पडल्या पडल्या विचार केला. कंपनीत तासाला किती नग, हे बोर्डावर लागायचं. गेममध्ये घड्याळ नव्हतं, मार्क नव्हते, हरणं नव्हतं. चुकलं तर आत्याबाई रुसायच्या आणि थोड्या वेळाने आपोआप निवळायच्या. आठ तास सोडून गेलं तरी सगळे गोळे आपापल्या जागी वाट बघत बसलेले सापडायचे. दिवसभर रंगात चुका शोधायच्या आणि घरी येऊन त्याच रंगांशी खेळायचं, यात मला फार सुख वाटायचं. काही लेव्हल पाठमोऱ्या असायच्या, म्हणजे सगळे गोळे आपापल्या रंगाची चादर डोक्यावरून घेऊन पाठ करून बसलेले, ना अंबाडा दिसतो ना मिशा. त्या लेव्हल हे माझ्यासाठी न चुकता राखून ठेवायचे. "तुझा डोळा आहे, तूच खेळ," असं चिठ्ठीत लिहायचे. त्या चिठ्ठ्या मी बरेच दिवस डब्यात जपून ठेवल्या होत्या. असा कौतुक करणारा नवरा मैत्रिणींमध्ये कुणालाच नव्हता.

मग आर्या झाली, आम्ही रावेतला फ्लॅट घेतला, दोघांना वेगवेगळे फोन आले आणि तो फोन कपाटात गेला. नव्या फोनवर तो गेम मी शोधला होता, मिळाला नाही.

संतोषची गोष्ट

अ‍ॅडमिट होऊन तिसरा दिवस. संध्याकाळी भेटायच्या वेळेला हे आले आणि खिशातून तो जुना फोन काढला. काळेवाडीतल्या दुकानातून नवी बॅटरी टाकून आणली होती.

"चालू झाला बघ. आपण जिथं थांबलो होतो तिथंच आहे."

मी फोन नाकाशी धरला. उजव्या डोळ्याला थोडंफार दिसत होतं. नेमकी पाठमोरी लेव्हल होती. पाच बरण्या, आणि त्यात सगळीकडे एकच चिखल. कोण आत्याबाई आणि कोण मामा, काही कळेना. मी बोट ठेवत गेले आणि प्रत्येक वेळी चुकत गेले. शेवटी फोन गादीवर आपटला.

"आत्याबाई गेल्या. मला त्या आता कधी दिसणार नाहीत."

ह्यांनी फोन उचलून माझ्या उशाशी ठेवला. मग म्हणाले, "वैशू, मला तर त्या कधीच दिसल्या न्हाईत."

"म्हणजे?"

"म्हणजे लाल अन् केशरी मला एकच दिसतं. हिरवंबी त्यातच मिसळतं जरा. लहानपणापासून. मी अंबाडा बघून वळखायचो. पाठमोऱ्या लेव्हल मला यायच्याच न्हाईत, म्हणून तुझ्यासाठी ठेवायचो."

आयटीआय झाल्यावर पहिल्या कंपनीच्या मेडिकलला ह्यांना ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं होतं, त्यातले आकडे दिसले नाहीत आणि लागलेली नोकरी गेली. तेव्हापासून हे कुणाजवळ बोलले नव्हते. मशीनवरचा दिवा वरचा की खालचा यावरून ओळखायचे, सिग्नलही तसाच.

तुम्हाला वाटेल मी ह्यांना जवळ घेतलं. तसं काही झालं नाही. मी भडकले. चौदा वर्षं रंगाची तपासनीस म्हणून मिरवणारी बाई, आणि घरातला माणूस रंगांध आहे हे तिला कळू नये! आणि मग एकेक गोष्ट उलगडायला लागली. दर दिवाळीला साडी आणताना दुकानदाराला तीनतीनदा विचारणं. आणि टोमॅटो! हा माणूस मंडईतून कायम अर्धे कच्चे टोमॅटो आणायचा आणि मी दर आठवड्याला त्याचा उद्धार करायचे.

"अहो, टोमॅटोचं तरी सांगायचं होतं!"

"सांगितलं असतं तर बाकीचं पण सांगावं लागलं असतं. तू शेडवाली. तुला वाटलं असतं, रिजेक्ट माल गळ्यात पडला."

मला हसू फुटलं. सलाइन लावलेला हात दुखेपर्यंत हसले आणि त्या हसण्याचं रडणं कधी झालं ते कळलं नाही. शेजारच्या खाटेवरच्या पिंपळे गुरवच्या काकूंनी विचारलं, "काय झालं गं पोरी?" मी म्हटलं, "काही नाही काकू, टोमॅटो."

दुसऱ्या दिवसापासून ह्यांनी मला रंगाशिवाय खेळायला शिकवलं. मामा हसण्याआधी मिशी हलवतो. आत्याबाई तोंड फिरवायच्या आत एकदा वर बघतात. इतक्या वर्षांत मी ते कधी पाहिलंच नव्हतं, रंग ओळखून मी मोकळी व्हायचे.

घरी

घरी आल्यावर सगळं गोड झालं असं समजू नका. सासूबाई बार्शीहून आल्या आणि स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. "डोळ्याला न्हाई, डोक्याला ताप झालाय हिला," असं त्या फोनवर कुणाला तरी सांगताना मी ऐकलं आणि ते खरंही होतं. गोळ्यांनी मी चिडचिडी झाले होते. अकरा वर्षांच्या आर्याने चित्र दाखवलं, "आई, सूर्य बघ." मी म्हटलं, "तपकिरी सूर्य काढतात का?" तो केशरी होता. पोर वही घेऊन आत गेली. त्या दिवशी मी तिच्यासमोर कान धरले. चुकलं तर मुलांची माफी मागा, आजारात ती आपल्यापेक्षा जास्त घाबरलेली असतात.

दिवस जात होते. रोज सकाळी एकाच खिडकीशी बसून मी एक लेव्हल खेळायचे. आधी तेलकट काच गेली. मग निळा आला, पिवळा आला. दीड महिन्याने हिरवे काका हिरवे झाले. एमआरआय आणि रक्ताच्या तपासण्या बऱ्या निघाल्या, मोठं काही नव्हतं. आत्याबाई मात्र विटकरीच. तीन महिने झाले, चार झाले. "आता जेवढं आलंय तेवढं आपलं," असं मॅडमनी सांगितलं तेव्हा मी मान हलवली आणि बाहेर येऊन जिन्यात बसून राहिले.

परीक्षा

शेडवर काम करणाऱ्यांची कंपनी दर वर्षी परीक्षा घेते. लाकडी पेटीत रंगीत टोपण्या असतात, एकीपेक्षा दुसरीत अगदी किंचित फरक. त्या ओळीने लावायच्या. प्रत्येकीच्या तळाला नंबर असतो, तो नंतर बघतात. मी ही परीक्षा इतक्यांदा दिली होती की मला ती खेळ वाटायची. परत कामावर यायचं तर ती पास होणं भाग होतं.

आदल्या दिवशी रेखाचा फोन आला. "ताई, परीक्षेला मी शेजारीच हाय. चुकली की मी खोकते. कोणाला काय कळतंय?"

मी तिला नाही म्हटलं. मोठेपणा म्हणून नाही. मी पास झाले असते तर दुसऱ्या दिवशी लाल बंपर माझ्यापुढे आला असता, आणि तिने रोज किती खोकायचं?

निळ्या-हिरव्या ओळी मी नेहमीसारख्या लावल्या. लाल ओळीला हात थांबला. सगळ्या टोपण्या एकाच घरातल्या बहिणी. मी लावल्या, बदलल्या, परत लावल्या. साहेबांनी ओळ उलटी केली आणि नंबर वाचताना त्यांचा आवाज खाली गेला. आठ टोपण्या चुकल्या होत्या. साहेब भला माणूस. म्हणाले, "मॅडम, फिटिंगच्या तपासणीला जागा आहे. पगार तोच." फिटिंग म्हणजे बंपर बॉडीला नीट बसतो का, फट किती आहे, कड बोटाला लागते का. ते काम मी आजही करते आणि बरं करते. पण त्या दिवशी पांढऱ्या खोलीच्या दारातून आत बघितलं, तिथे माझ्या जागी रेखा उभी होती, आणि मला फार वाईट वाटलं. ती बाहेर आली आणि माझ्या गळ्यात पडून रडली. "तुमीच शिकवलंय ताई," एवढंच म्हणाली.

चार वाजता घरी पोहोचले. ह्यांनी पहिली शिफ्ट मागून घेतली होती, हे गॅलरीत बसले होते. मी निकाल सांगितला. चहा झाला. मग कप खाली ठेवून म्हणाले, "एक विचारू का? राग येणार नसंल तर."

"विचारा."

"लाल कसा असतो?"

मी माझाही कप खाली ठेवला.

"दुसऱ्या कुणाला विचारून उपयोग न्हाई," ते म्हणाले. "त्यांना जन्मापासून दिसतो, त्यांना सांगता येत न्हाई. मला जन्मापासून दिसत न्हाई. दोन्हीकडचं ठाऊक असलेली तूच एक हायस."

चौदा वर्षं मी लाल रंग पास केला होता, रिजेक्ट केला होता. तो कसा असतो, हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं. मी डोळे मिटले. तो आत तसाच होता, एक छटाही न उडालेला.

"तो आपल्याला निवडू देत नाही," मी म्हटलं. "खोलीत कितीही सामान असू द्या, आधी त्याच्याकडेच बघावं लागतं. तुमच्या आईने हाक मारली की तुम्ही हातातलं टाकून उठता ना? तसं. चांगल्यासाठी हाक मारली की वाईटासाठी, ते उठल्यावर कळतं."

मी बराच वेळ सांगत होते. ओला रंग कसा दिसतो, भट्टीतून बाहेर आल्यावर कसा खोल होतो, सकाळच्या उजेडात कसा आणि ढग आल्यावर कसा. सांगताना माझे डोळे वाहत होते, पण आवाज कुठे अडकला नाही. मशीनचा आवाज बदलला की कान देतात, तसे हे मान खाली घालून ऐकत होते. मी थांबले तेव्हा त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"बरं," ते म्हणाले, "आता केशरी सांग."